प्रत्येकी एक हात

“हात भायर काड,” प्रज्योत म्हणाला.

गोकुळदास गावस केबिनमध्ये बसून डबा उघडत होता. खाणीच्या फाटकापासून लागलेल्या ट्रकांच्या लायनीत त्याचा नंबर नववा, म्हणजे जेवायला सवड होती. त्याने हसतच हात खिडकीबाहेर काढला. प्रज्योत काल-परवाचा पोर. त्याला ट्रक शिकवला होता तो गोकुळदासनेच.

प्रज्योतने ते मनगट पकडले आणि खिडकीच्या पत्र्यावर असे दाबले की गोकुळदास कळवळला. मनगटावर नवे घड्याळ होते.

“हेच्यात जीपीएस आसा म्हणालास न्ही तू? चायच्या गाड्यार?”

“असा. तेचा काय?”

“काय तें आता कळतलें.”

घड्याळ गोकुळदासचे नव्हतेच. त्याची मुलगी समीक्षा पोलीस भरतीसाठी शाळेच्या मैदानावर रोज धावायची. पहिल्या फेरीत वाऱ्यासारखी सुटायची आणि दुसऱ्या फेरीत पोट धरून बसायची. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, पोरी, छातीचे ठोके बघून धावायला शीक. तेव्हा तिने बापाला पढवून वाळपईच्या बाजारात धाडले होते.

“बाबा, फोनाचा जीपीएस वापरणारा नको हां. घड्याळात सोताचा होया. फोन कमराक बांदून मी धावूचंय नाय.”

दुकानदाराने तीन घड्याळे काचेवर मांडली आणि त्यातले सर्वांत स्वस्त पुढे सरकवले. “हें नांवाचें न्हय, पूण कामाचें. जीपीएस भितर आसा, काळजाचे ठोके मेजता, उदकांत पडलें तरी कांय जायना.”

“आणि ह्या खोटा बोलला तर?”

“काका, तुमी ड्रायव्हर न्ही? वळखीच्या रस्त्यार घेवन वचून पळयात.”

हे गोकुळदासला पटले. खाण ते नदीवरची जेटी हा रस्ता तो, खाणबंदीची मधली वर्षे सोडता, गेली सव्वीस वर्षे तुडवत होता. त्यातला खड्डा न खड्डा त्याला पाठ. मुलीच्या हातात देण्याआधी वस्तू पारखून द्यावी म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवले. पहिल्या खेपेला ते ट्रकच्या मीटरशी तंतोतंत जुळले. गडी खूश झाला. चहाच्या गाड्यावर त्याने दिसेल त्याच्यापुढे हात नाचवला. “खय गेलंस, किती जोरात गेलंस, सगळा सांगता ह्या.”

एवढेच बोलला, आणि तेवढे पुरले.

कारण आदल्याच दिवशी खाणीच्या कचेरीने लायनीतले चार ट्रक पंधरा दिवसांसाठी बंद केले होते. खनिजाच्या प्रत्येक ट्रकात जीपीएसची डबी असते. हे चौघे उतारावर त्या डबीला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लपेटायचे, ट्रक सुसाट सोडायचे आणि दिवसाकाठी एक खेप जास्त मारायचे. डबी मुकी, तरी कचेरीला कळले. कळले म्हणजे कोणीतरी सांगितले. प्रज्योतचा ट्रक त्या चारांतला. आज तो बिनकामाचा, सकाळपासून लायनीतून फिरत, एकेकाचे तोंड न्याहाळत होता.

हे सगळे गोकुळदासच्या डोक्यात आता उतरले आणि त्याची छाती उडायला लागली. तेवढ्यात घड्याळ मनगटावर थरथरले. काचेवर लाल काळीज उमटले. ठोके वाढले की इशारा द्यायचा, हे त्याचे कामच.

“पळयात रे,” प्रज्योत घड्याळाकडे बोट दाखवत, मागे वळून ओरडला. “अजून खबर धाडता. आमच्या दोळ्यांसामकार धाडता.”

“अरे, ता माजा काळीज—”

दार उघडले गेले. त्याला शर्टाला धरून खेचले, तो पायरीवर हनुवटी आपटत खाली आला. जीभ दातांत सापडली. डब्यातली उसळ लाल धुळीत सांडली, तिच्यावर कुणाचा तरी बूट पडला आणि तोच बूट मग त्याच्या बरगडीत बसला. तो उठायला गेला तर मानेवर कोपर बसले. धूळ नाकात गेली. त्याला माणसे दिसेनात, नुसते पाय दिसू लागले. जितके मारत होते तितके घड्याळ थरथरत होते, आणि ते थरथरले की मारणाऱ्यांना नवा जोर चढत होता.

“थांबा,” कोणीतरी म्हणाले. “अशें न्हय. सगळ्यांनी. प्रत्येकी एक हात.”

गोकुळदास गारठला. हा लायनीचा नियम होता. चहाडी करणाऱ्याला प्रत्येक ड्रायव्हरने एक तरी हात टाकायचा, म्हणजे साक्षीला कोणी उरत नाही.

मग ते एकामागून एक आले. कोणी कानफटात दिली, कोणी पोटात लाथ घातली. साईश आला. त्याच्या पोरीच्या बारशाला गोकुळदास परवा जेवून आला होता. साईशने दुसरीकडे बघत त्याच्या खांद्यावर मूठ मारली, अगदी हलकी, आणि पुढच्याला जागा करून दिली. तीच मूठ सर्वांत जास्त लागली. शेवटी प्रज्योत चाकाचा पाना घेऊन आला. त्याने गोकुळदासचे मनगट दगडावर ठेवले, त्यावर पाय दिला आणि पाना घातला. घड्याळ फुटले. हाडही मोडले. ओरड कोणाची, हे गोकुळदासला आधी समजलेच नाही.

तो नियम त्याचा होता. खाणी बंद पडायच्या आधीच्या वर्षी डिझेलची चोरी पकडली गेली आणि चहाडी यशवंतने केली असे लायनीने ठरवले. यशवंत इब्रामपूरचा, अबोल माणूस. त्याला मारताना दोघे-तिघे कचरले, तेव्हा तरणाताठा गोकुळदास म्हणाला होता, “कोण सुको ऱ्हवाचो नाय. प्रत्येकी एक हात.” आणि पहिला हात त्याने टाकला होता. पान्यानेच. यशवंतच्या कानातून रक्त आले तेव्हा लायनीत कोणीतरी शिटी वाजवली होती.

इस्पितळात हवालदार जबानी घ्यायला आला. पलंगाशी समीक्षा उभी होती.

“ट्रकार ताडपत्री बांदताना वयसून पडलंय,” गोकुळदास म्हणाला.

“आणि पाठीवर बुटाचे वळ?”

“पडलंय थंय दगड होते.”

हवालदार लिहून घेऊन गेला. समीक्षाने बापाच्या पाठीवरचे पांघरूण नीट केले. मग म्हणाली, “बाबा, उद्या मी ह्या हवालदाराच्या जाग्यार बसतलंय. तेव्वा माकाय असाच सांगतलास?”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

दहा दिवसांनी कचेरीतूनच खरे बाहेर आले. कोणी चहाडी केली नव्हती. खाणीच्या काट्यावर ट्रकचे वजन होते, जेटीच्या काट्यावर पुन्हा होते, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर वेळ छापलेली असते. कारकुनाने दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. पाऊण तासाचा रस्ता कोणी पंचवीस मिनिटांत कापतो, तर तो कसा, हे समजायला खबऱ्या कशाला हवा?

त्याच संध्याकाळी लायनीतले चौघे-पाचजण गोकुळदासच्या सुर्ल्याच्या घरी आले. प्रज्योत सरळ गोकुळदासच्या पायांवर पडला. साईशने पिशवीतून नवे घड्याळ काढून ठेवले. ते महागाचे होते.

“घड्याळ हाडलास, बरा केलास,” समीक्षा दारातून म्हणाली. “हाताचा हाड खयच्या दुकानात गावता, ताय सांगान जावा.”

“समी, गप.” गोकुळदासने मोडका हात मांडीवर नीट घेतला. “माका एक सांगा. मी खरोच चाडी केल्ली असती तर?”

प्रज्योतने पाय सोडले.

“मगे… मगे गजाल वेगळी, काका,” साईश म्हणाला.

“वेगळी कशी?”

साईश उठून चपला शोधू लागला. पाहुणे चहा न घेता गेले. घड्याळ तिथेच राहिले. समीक्षाने ते उचलले नाही, आणि त्यानेही उचल म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात अडकवून तो दोन बस बदलत इब्रामपूरला गेला. घर विचारत विचारत पोचला तेव्हा यशवंत अंगणात पाटावर बसून सुपारी सोलत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मान वर करून बघितले, ओळखले की नाही कळले नाही, पण सुरीच्या टोकाने शेजारची जागा दाखवली.

गोकुळदास बसला. बसमध्ये जुळवलेले एकही वाक्य आठवेना, म्हणून जसे आले तसे बोलत गेला. चहाचा गाडा, घड्याळ, साईशची हलकी मूठ. मग मागे जाऊन तो दिवस, तो पाना. “तू चाडी केल्ली काय नाय, ता इचारूक इलंय नाय मी,” तो म्हणाला. “केल्ली असलंस तरी माजा चुकला.” चांगल्या हाताने त्याने डोळे पुसले आणि तो थांबला.

यशवंत सुपारी सोलतच होता. सोललेली टोपलीत टाकली, दुसरी घेतली. मग शेजारी काही हलल्यासारखे वाटून त्याने पूर्ण मान वळवली.

“काय बोललंस तू?” तो म्हणाला. “ह्या कानान माका ऐकाक येना नाय.”

आपण कोणत्या कानावर मारले होते, हे इतक्या वर्षांत गोकुळदासला आठवायची गरजच पडली नव्हती.

“ह्या बाजून ये,” यशवंत म्हणाला.

गोकुळदास जमिनीला हात टेकून उठला. टोपलीला वळसा घालून पलीकडे गेला आणि सालांच्या ढिगात जागा करून बसला. यशवंतने सुरी खाली ठेवली आणि कान त्याच्या तोंडाजवळ आणला.