ज्याचं त्याचं लॉगिन

कल्पिता भोईरला आयसीयूतून काढून ओपीडीच्या खिडकीवर बसवलं, तेव्हा तिला कारण कुणी नीट सांगितलं नाही. ते सगळ्या रुग्णालयाला माहीत होतं. धोंडीबा शेलार नावाच्या वयस्कर पेशंटच्या इन्शुलिनचा डोस संगणकावर कुणीतरी बदलला होता. दुप्पट केला होता. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांच्या लक्षात आलं, म्हणून धोंडीबा वाचले आणि बरे होऊन घरीही गेले. पण चौकशी तर व्हायला हवी होती, आणि त्या पाळीला कल्पिता ड्यूटीवर होती.

चौकशी समितीने आयटी विभागाकडे विचारणा केली, की डोस कुणी बदलला ते संगणकावरून काढून द्या. ते काम समीक्षा गुरवकडे आलं. समीक्षा डोंबिवलीची. ठाण्यातल्या या रुग्णालयात सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून लागून तिला फार दिवस झाले नव्हते. तिने नोंदी उघडल्या. डोस बदलणाऱ्याच्या नावापुढे नुसतं 'आयसीयू' असं लिहिलेलं होतं.

आयसीयूतल्या सगळ्यांचं मिळून ते एकच लॉगिन होतं. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून लावलेला. सकाळी कुणीतरी एकदा उघडायचं आणि मग सिस्टर, डॉक्टर, टेक्निशियन, सगळे दिवसभर त्यावरच काम करायचे.

समीक्षाने समितीसमोर तेच सांगितलं. "कुणी बदललं ते यावरून सांगता येणार नाही."

समितीतल्या एका डॉक्टरांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "पण शिफ्ट सिस्टर भोईरचीच होती ना?"

समीक्षाने आपले कागद गोळा केले. तिला जेवढं विचारलं होतं तेवढं तिने सांगितलं होतं. ती बाहेर आली तर जिन्यापाशी कल्पिता उभी होती. ठाण्यातल्याच बाळकुमची मुलगी, घरच्या जमिनीवर आता टॉवर उभे राहिलेले. घरचे म्हणायचे, नोकरीची गरज काय तुला. तरी ती नर्सिंग शिकली आणि आयसीयूत टिकली होती.

"मॅडम, मी नाही केलं ते," कल्पिता म्हणाली. "पण मी केलं नाही हे मी दाखवू कसं? आणि उद्या मी खरंच काही चुकले, तर ते तरी माझ्या नावावर दिसेल का?"

"नाही दिसणार," समीक्षा म्हणाली.

"मग दिसेल असं करा ना. तुमचंच काम आहे ते."

एवढं बोलून कल्पिता ओपीडीकडे निघून गेली. समीक्षाला राग आला, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की तो राग कल्पितावर नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रशासक रवींद्र सबनीस यांच्या केबिनमध्ये गेली. सबनीस मूळचे पुण्याचे, बोलणं मोजकं, निवृत्तीला आलेले.

"सर, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्यायचं. नवीन काही विकत घ्यायला नको. सगळ्या स्टाफची नावं आणि पासवर्ड आपल्या डिरेक्टरी सर्व्हरवर आहेतच. सकाळी हजेरीच्या मशीनवर ते वापरतातच ना? पेशंटच्या नोंदींचं अ‍ॅप्लिकेशन फक्त त्या डिरेक्टरीला विचारेल, की ही व्यक्ती खरी आहे का. डिरेक्टरी हो म्हणाली की आत सोडायचं."

"हा प्रयत्न यापूर्वी झालेला आहे," सबनीस म्हणाले. "निम्म्या लोकांना आत जाता येईना. डॉक्टरांनी माझ्या टेबलावर हात आपटले. शेवटी सगळ्यांचं एकच लॉगिन करून दिलं, तेव्हा शांतता झाली."

"त्या वेळी का बंद पडलं, हे कुणी शोधलं होतं?"

सबनीसांनी चष्मा काढला. "नाही. कुणी शोधलं नाही." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "आयसीयू आणि ओपीडी, एवढ्यापुरतं करा. पण पेशंटचं काम अडलं, तर मी त्याच क्षणी जुनं लॉगिन सुरू करायला सांगेन. चालेल?"

"चालेल, सर."

मागच्या वेळचं कारण तिला लवकरच सापडलं. रुग्णालयाची एक शाखा कल्याणला होती आणि तिथल्या सिस्टर, डॉक्टर आळीपाळीने ठाण्याला ड्यूटीवर येत. त्यांची नावं कल्याणच्या वेगळ्या डिरेक्टरीत होती. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला ठाण्याचीच डिरेक्टरी माहीत होती. कल्याणची माणसं त्याला दिसतच नव्हती. म्हणजे दोन्ही डिरेक्टरी जोडायला हव्या होत्या.

कल्याणची डिरेक्टरी सांभाळायचा आनंद. फोनवर तो सरळ नाही म्हणाला. मेलला उत्तर दिलं नाही, नंतर फोनही उचलेना. मग एका सकाळी समीक्षा ठाण्याला न जाता रिक्षाने कल्याणला गेली आणि त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसली.

"तू इथपर्यंत आलीस?" आनंद म्हणाला.

"तू फोन उचलत नाहीस म्हणून."

"हे बघ, स्पष्ट सांगतो. आधी जोडायचं म्हणतात, मग म्हणतात वेगळं कशाला ठेवायचं, आणि मग म्हणतात कल्याणला माणूस तरी कशाला पाहिजे. मी बघितलंय हे, दुसऱ्या कंपनीत."

समीक्षाला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं, तो आळशी असेल. ती म्हणाली, "मला तुझी डिरेक्टरी नकोय रे. ती तुझ्याकडेच राहू दे. मला एक खातं दे, नुसतं वाचण्यापुरतं. बदलायची परवानगी नको, पासवर्ड बघायची नको. अ‍ॅप्लिकेशन विचारेल, तुझा सर्व्हर हो किंवा नाही म्हणेल. बस."

"आणि मला पटलं नाही तर मी बंद करणार."

"कर. पण आधी फोन कर."

आनंद हसला नाही, पण त्याने खातं बनवून दिलं. पासवर्ड उघडा जाऊ नये म्हणून दोन्ही सर्व्हरमधलं बोलणं सांकेतिक करायचं, हे त्यानेच सुचवलं आणि त्यासाठी लागणारं, सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्रही तिथेच बसून तयार केलं.

चाचणी सुरू झाली. एकेक सिस्टर येऊन लॉगिन करून बघायची. सगळ्यांचं होत होतं, फक्त शिवानी म्हात्रेचं होईना. ठाण्याची शिवानी, ओपीडीतली सगळ्यात जुनी सिस्टर. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरी दार बंद.

"अगं, इतकी वर्षं मी इथे काम करते आणि हे मशीन म्हणतं मी कुणीच नाही!" शिवानी वैतागून म्हणाली.

समीक्षाने शोधलं. कल्याणलाही एक शिवानी म्हात्रे होती. दोघींचं लॉगिनचं नाव अक्षर न् अक्षर तेच. सर्व्हर दोन्ही डिरेक्टरींना विचारत होता, दोन शिवानी सापडत होत्या, आणि यातली खरी कुठली हे न कळल्यामुळे तो दोघींनाही बाहेर ठेवत होता. नावावरून ओळखायचं म्हटलं तर आज ना उद्या असं पुन्हा होणारच होतं. लग्नानंतर आडनावं बदलायची, तो घोळ वेगळाच. समीक्षाने ठरवलं, नावाऐवजी कर्मचारी क्रमांक वापरायचा. तो गळ्यातल्या कार्डावर छापलेलाच असतो, आणि दोन्ही शाखांत मिळून एकाचा दुसऱ्याला नसतो. तिने अ‍ॅप्लिकेशनमधली दोन्ही डिरेक्टरींसाठीची रचना बदलली आणि चाचणी पहिल्यापासून परत घेतली. सगळ्यांची. शिवानीला सगळ्यात आधी बोलावलं. या वेळी दार उघडलं.

नवं लॉगिन सुरू केलं तो दिवस नवरात्रातला होता. देवीच्या मंडपामुळे टेंभी नाक्याकडचे रस्ते बंद, निम्मा स्टाफ उशिरा आला. तरी सकाळ सुरळीत गेली. मॉनिटरवरची चिकटपट्टी समीक्षाने स्वतः काढली आणि सगळ्यांचं ते लॉगिन बंद केलं.

दुपारी तिचा फोन वाजायला लागला. आयसीयूत कुणालाच आत जाता येत नव्हतं. ओपीडीतही तेच. ती खाली धावली. ओपीडीच्या खिडकीसमोर रांग वाढलेली, लोक आवाज चढवत होते. खिडकीत कल्पिता होती. तिने कोऱ्या कागदांचा गठ्ठा समोर ओढला होता.

"काका, नाव आणि केसपेपर नंबर सांगा, मी हाताने लिहून घेते. नंबर जाणार नाही तुमचा," ती म्हणत होती. समीक्षाला बघून तिने खालच्या आवाजात सांगितलं, "इकडचं मी बघते. आयसीयूलाही फोन करून सांगितलंय, डोस कागदावर लिहा, सही करा. तुम्ही तुमचं करा."

सर्व्हरच्या खोलीत सबनीस आधीच येऊन उभे होते. "समीक्षा, आपलं काय ठरलं होतं?"

"आठवतंय, सर. मला कारण बघू द्या. तोवर कागदावर काम चालू आहे, पेशंट अडलेला नाही."

ते दाराशीच थांबले. तिने सर्व्हरच्या नोंदी वाचायला घेतल्या. कल्याणची डिरेक्टरी उत्तर देत नव्हती. तिने आनंदला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"केबल तुटली," तो म्हणाला. "रस्ता खणतायत बाहेर. मी तिथेच उभा आहे, पण आज जोडली जाईल असं वाटत नाही."

कल्याणची लाइन गेली तर कल्याणच्या लोकांचं अडेल, हे ठीक. ठाण्याच्या लोकांचं का अडावं? समीक्षा पडद्याकडे बघत राहिली, आणि मग तिला उमगलं. सर्व्हर प्रत्येक माणसासाठी दोन्हीकडे चौकशी करत होता. एकीकडून उत्तर आलं नाही, की खात्री झाली नाही असं समजून सगळ्यांनाच अडवत होता. एक डिरेक्टरी बंद असली तरी दुसरीवर काम चालू दे, अशी एक सोय सेटिंगमध्ये होती. ती मुळातच बंद होती. चाचणीत तिने चुकीचे पासवर्ड, चुकीची नावं, सगळं तपासलं होतं. एक बाजू पूर्ण गप्प झाली तर काय होईल, हे तपासलं नव्हतं.

"सर, सापडलं," ती वळून म्हणाली. "एक सेटिंग बदलायचंय. पण त्यासाठी सर्व्हर बंद करून परत सुरू करावा लागेल. तेवढा वेळ, सकाळपासून उघड्या असलेल्या पडद्यांवर आत्ता जे दिसतंय तेही दिसणार नाही. जुनं लॉगिन सुरू केलं तर लगेच चालू होईल, हेही खरं आहे."

"तुमची खात्री आहे?"

"कारणाबद्दल खात्री आहे. आणि सर, चूक माझीच आहे, हे मी आधी तपासायला हवं होतं. पण जुनं लॉगिन आज परत चालू केलं, तर ते पुन्हा कधी बंद होणार नाही."

सबनीसांनी वॉर्डात फोन लावला, कागदावरच्या नोंदी नीट चालल्यात का ते विचारलं, ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाले, "करा."

तिने सेटिंग बदललं, सर्व्हर बंद केला. परत सुरू व्हायला तो नेहमीइतकाच वेळ घेत होता, पण दोघांसाठीही तो सरता सरेना. मग आयसीयूतून फोन आला. उघडलं होतं. ड्यूटीवरच्या कल्याणच्या दोघी सिस्टर तेवढ्या संध्याकाळपर्यंत कागदावर लिहीत राहिल्या, सही करत राहिल्या.

आठवड्याने आनंद ठाण्याला आला, न बोलावता. म्हणाला, "माझ्या डिरेक्टरीची एक प्रत इथे ठेवू या. लाइन गेली तरी माझी माणसं अडायला नकोत. प्रत मीच सांभाळणार, सांगून ठेवतो."

"तूच सांभाळ," समीक्षा म्हणाली, आणि दोघांनी बसून ते काम संपवलं.

मग तिने आपणहून समितीकडे वेळ मागितली. या वेळी विचारायची वाट बघितली नाही. "सिस्टर भोईरवर ठपका ठेवायला ज्या नोंदीचा आधार घेतला, ती नोंद कुणाचीच नव्हती. ते लॉगिन तुमच्या समितीतले दोन डॉक्टरही वापरत होते. मागच्या वेळी मी फक्त 'सांगता येणार नाही' म्हणाले. मी असं म्हणायला हवं होतं, की यावरून कुणालाही शिक्षा करता येणार नाही. ते आज सांगते, आणि लेखी देते."

समितीतल्या डॉक्टरांना ते आवडलं नाही. वाद झाला. शेवटी सबनीस म्हणाले, "त्यांचं म्हणणं बरोबर आहे. बदली मी रद्द करतो." डोस कुणी बदलला, ते मात्र कळलं नाही, आणि आता कळणारही नव्हतं.

कल्पिता आयसीयूत परत आली. आभार वगैरे मानायला ती समीक्षाकडे गेली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने फोन करून तक्रार केली.

"मॅडम, जरा वेळ हात लावला नाही की तुमचं ते बाहेर काढतं. परत नंबर टाका, पासवर्ड टाका. इथे हातात ग्लोव्ह्ज असतात, पेशंट तडफडत असतो. अशाने बायका पुन्हा एकमेकींच्या लॉगिनवर काम करायला लागतील, मी आत्ताच सांगते."

"मी येते," समीक्षा म्हणाली.

ती आयसीयूत गेली, टोपी-मास्क लावून एका कोपऱ्यात उभी राहिली आणि सिस्टर किती वेळा संगणकापाशी येतात, कधी हात मोकळे असतात, कधी नसतात, ते बघत राहिली. दुपार गेली. मग तिने कल्पिताला विचारलं, "गळ्यातलं कार्ड नुसतं टेकवलं आणि उघडलं, तर जमेल?"

"ग्लोव्ह्ज असताना?"

"ग्लोव्ह्ज असताना."

"जमेल," कल्पिता म्हणाली. "पण कार्ड गळ्यात लोंबकळतं, पेशंटला लागतं. कमरेला लावायची क्लिप द्या." आणि सलाइन संपत आलेल्या खाटेकडे ती वळली.