रिंग कोणी फिरवली

दुकानात बसणारी माणसं दोनच, मी आणि माझी वहिनी. त्यामुळे चोर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

आमचं काम जुने घडीचे कॅमेरे पुन्हा चालते करण्याचं. बटण दाबलं की झाकण खाली पडतं, काळा भाता पसरतो, त्याच्या टोकाला लेन्स पुढे येते, आणि काम झालं की सगळं मिटून कोटाच्या खिशात. रुंद फिल्मच्या एका रोलवर आठच फोटो निघतात. म्हणून असा कॅमेरा वापरणारा माणूस जपून फोटो काढतो, आणि एखादा बिघडला की आमच्या नावानं शंख करतो. दुकान माझ्या थोरल्या भावानं सुरू केलं. तो गेल्याला सहा वर्षं झाली.

आमची वाटणी अशी की भाते वहिनींचे, लेन्स माझी. वहिनी काळं कापड आणि पातळ चामडं एकावर एक चिकटवतात, हाडाच्या पट्टीनं एकेक घडी दाबून नवा भाता उभा करतात, आणि अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत बल्ब सोडून कुठे टाचणीएवढाही उजेड गळतोय का ते बघतात. मी शटर धुतो, दगडासारखं झालेलं जुनं ग्रीस काढतो आणि शेवटी लेन्स जुळवतो. हे शेवटचं काम फार नाजूक. फिल्मच्या जागी दुधी काच ठेवायची, कॅमेरा खिडकीतून दूरच्या गिरणीच्या धुराड्यावर रोखायचा, काचेवर धुराडं रेखीव दिसेपर्यंत पुढची लेन्स फिरवायची. मग तिच्याभोवतीची अंतराच्या आकड्यांची रिंग तीन बारीक स्क्रूंनी आवळायची. इथे केसभर चूक झाली तर गिऱ्हाइकानं अंतर कितीही नीट मोजलं तरी फोटो पुसटच येणार.

आवळून झालं की मी सुईनं रिंगपासून लेन्सच्या कडेपर्यंत एक ओरखडा ओढून ठेवतो. गिऱ्हाइकं घरी जाऊन स्वतः स्क्रू पिळतात आणि मग आमच्यावर ढकलतात, म्हणून. ओरखडा इतका बारीक की तो बघायचा नसतो, नखानं चाचपायचा असतो. बायको म्हणते, तुम्ही आरशातल्या माणसालाही ओळखपत्र विचाराल. विचारीन की, त्यात काय.

तर एका मंगळवारी मी घरून जेवून दुकानात परतलो आणि सकाळी तयार करून ठेवलेल्या कॅमेऱ्यावर सहज नख फिरवलं. ओरखडा मध्येच तुटला. रिंगवरचा तुकडा एका बाजूला, लेन्सवरचा दुसऱ्या बाजूला, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट. रिंग आपोआप फिरत नाही. तिन्ही स्क्रू कोणीतरी सैल करून पुन्हा आवळले होते.

माझ्या मनात पाल चुकचुकली. वहिनी समोर बसून शांतपणे चामड्याची कड तासत होत्या. रिंग परत माझ्या ओरखड्याला जुळवली, स्क्रू आवळले आणि कॅमेरा गिऱ्हाइकाला दिला. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं, फोटो पुसट आल्याची तक्रार घेऊन. पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन कॅमेऱ्यांचे ओरखडे तुटलेले सापडले. तेही मी जुळवून दिले आणि तेही परत आले. म्हणजे मी जुळवल्यावर देईपर्यंत कोणीतरी पुन्हा हात मारत होतं, असा मी सरळ हिशेब केला.

त्या दिवसांत माझं सगळ्यांशीच वाजत होतं. टेबलावरचा दिवा मंद वाटायला लागला म्हणून मी तीनदा बल्ब बदलला. दुकानदार हलका माल गळ्यात मारतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. दुधी काचेवरही धुराडं पूर्वीसारखं उमटेना. काच जुनी झाली होती, आणि गिरणीवाले हल्ली धूरही जास्तच सोडत होते. पण बल्बवाला आणि गिरणीवाला आमच्या दुकानात येऊन स्क्रू फिरवणार नव्हते.

वहिनींचं वागणं आठवून बघितलं तेव्हा एकेक गोष्ट उलगडायला लागली. गेलं वर्षभर त्या मला आराम करा म्हणत होत्या. भाऊजी, आठवड्यातून दोन दिवस घरी बसत जा. भाऊजी, बारीक काम सकाळच्याच उजेडात करत जा. एवढी काळजी कोणी उगाच करत नाही. माझ्या हातचे कॅमेरे बिघडले की माझं नाव खराब होणार, मग मी घरी आणि दुकान त्यांच्या एकटीच्या हातात. भाते त्यांना येतातच, लेन्सला कोणी कारागीर ठेवला की झालं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, वहिनींना दुकान हवं असतं तर दादा गेले तेव्हाच मागितलं असतं. मी तिला म्हटलं, तू भोळी आहेस. ती म्हणाली, घरात एकानं तरी असावं.

पुरावा हवा होता. एका दुपारी रोजच्यासारखा जेवायला म्हणून निघालो आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरलो. त्याच्या काचेआडून आमची खिडकी सरळ दिसते. शिंप्याला सांगितलं, पाठीत कळ आली आहे, जरा टेकतो. त्यानं विश्वास ठेवला नाही, पण स्टूल दिलं. वहिनींनी डबा खाल्ला, हात धुतले, पुसले, मग उठून माझ्या टेबलावरचा कॅमेरा उचलला. खिडकीपाशी आल्या, मागचं झाकण उघडलं आणि त्यावर वाकून बराच वेळ काहीतरी करत राहिल्या. माझा बारका पेचकस त्यांच्याच हातात असणार. ज्या बाईच्या हातचं मी लग्नाआधी दहा वर्षं जेवलो, ती माझ्या पाठीमागे माझंच काम नासवत होती.

तरी मी तोंड उघडलं नाही. पाठीमागचं तोंडावर सांगितलं तर त्या नाही म्हणतील, आणि शिंप्याला साक्षीला आणायची मला लाज वाटत होती.

नेमका त्याच आठवड्यात बेकरीवाला आला. त्याच्या वडिलांचा कॅमेरा होता, पंचवीस वर्षं पत्र्याच्या डब्यात पडलेला. भाता उंदरांनी कुरतडलेला, शटर अर्धं उघडून तिथेच झोपलेलं. त्याची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहते. ती एकतीस वर्षांनी येणार होती, आणि पाचही भावंडांचा फोटो वडिलांच्याच कॅमेऱ्यानं काढायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. वहिनींनी चार दिवसांत नवा भाता केला. तो कॅमेऱ्यात बसवून त्यांनी माझ्याकडे दिला, आणि त्या क्षणापासून तो मी त्यांच्या हाताला लागू दिला नाही. शटर धुतलं, लेन्स जुळवली, ओरखडा ओढला आणि कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी गळ्यात घातली. जेवतानाही ती गळ्यात होती.

वहिनी दोनदा म्हणाल्या की भात्याच्या कोपऱ्यावरून एकदा नजर टाकायची होती, जरा द्या. मी म्हटलं, कोपरे उत्तम आहेत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला बरं वाटलं.

बेकरीवाल्याला कॅमेरा देताना मी छाती काढून सांगितलं की हा मी कुलपात ठेवला होता, माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. आणि एक गोष्ट बजावली. आधी कॅमेरा उघडायचा, मग फिल्म पुढे ओढायची. उलटं केलं तर भाता पसरताना हवा खेचतो, फिल्मला फुगवटा येतो आणि फोटो बिघडतो. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

सोळा दिवसांनी तो आला आणि आठ फोटो टेबलावर ओळीनं मांडले. पाच म्हातारी माणसं बागेतल्या बाकावर बसली होती. मी भिंगाखाली धरूनही मला काही धड दिसेना.

"मागच्या भिंतीच्या विटा मोजून घ्या," बेकरीवाला म्हणाला. "यातली ताई कुठली, ते मात्र मला बोट ठेवून दाखवावं लागतं."

बहीण परत गेली का, असं मी विचारलं. गुरुवारीच गेली, तो म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आता पुन्हा एवढा प्रवास करणार नाही. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, फिल्म आधी ओढून मग उघडलात का? त्यानं वही काढून दाखवली, नियम लाल शाईनं लिहिलेला होता. अंतर अंदाजानं लावलं असेल. नाही, धाकट्या भावानं टेपनं मोजलं होतं.

मग माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. तुटलेले ओरखडे, परत आलेले कॅमेरे, शिंप्याच्या काचेतून काय बघितलं ते, सगळं मी त्या परक्या माणसासमोर ओकलो.

"वहिनी, सोमवारपासून तुम्ही येऊ नका," मी म्हणालो. "दुकान बळकावायचं होतं तर सरळ मागायचं होतंत. लोकांच्या फोटोंचा सत्यानाश कशाला केलात?"

वहिनींनी हातातली हाडाची पट्टी खाली ठेवली. बेकरीवाला एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

"पण माझा कॅमेरा तर तुम्ही कुलपात ठेवला होतात," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत. यांचा हात लागलाच नव्हता."

माझा हात गळ्यातल्या चावीवर गेला.

"तेवढ्या एकाला नाही लावता आला," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, खाली बघत, जणू चूक त्यांचीच होती. दीड वर्षापासून माझं धुराडं चुकत होतं. कधी इकडे, कधी तिकडे. दादाच्या शेजारी वीस वर्षं बसून लेन्स जुळवायला त्याही शिकल्या होत्या, फक्त त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. मी जेवायला गेलो की त्या माझं काम तपासत आणि सुधारून ठेवत. तक्रार एकही येत नव्हती. ज्या मंगळवारी माझं नख त्या ओरखड्यावरून फिरलं, तेव्हापासून मी त्यांनी सुधारलेलं पुन्हा माझ्या चुकीवर आणून ठेवत होतो. परत आलेला प्रत्येक कॅमेरा मी स्वतःच्या हातानं बिघडवून दिला होता.

"मला सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर आत्ता जे म्हणालात तेच तेव्हा म्हणाला असतात, भाऊजी."

बेकरीवाल्याला मी म्हटलं, चूक माझी आहे, माझे डोळे गेलेत. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो, माझ्याच तोंडून. त्यानं आठही फोटो गोळा करून पाकिटात घातले. कॅमेरा मात्र टेबलावरच ठेवला.

"नीट करून ठेवा," तो म्हणाला. "आता चौघांचा काढू."

तो गेल्यावर वहिनी आपली हत्यारं कापडात गुंडाळायला लागल्या. पट्टी, सुरी, कंपास. सोमवारपासून येऊ नका हे मी म्हणालो होतो आणि ते अजून तसंच होतं. माफी मागायची मला सवय नाही. मी कॅमेरा उघडला, दुधी काच बसवली, खिडकीत ठेवला, तिन्ही स्क्रू सैल केले आणि लेन्सवर बोटं ठेवून उभा राहिलो.

"वहिनी, जरा काचेत बघता का. मी फिरवतो, तुम्ही सांगा."

त्या लगेच आल्या नाहीत. मग आल्या, भिंग उचललं आणि वाकल्या. मी लेन्स फिरवत गेलो. अजून, त्या म्हणाल्या. अजून. किंचित मागे. थांबा.

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मला धुराडं आधीइतकंच पुसट दिसत होतं. क्षणभर मनात आलंच, की यांचं खरं कशावरून. मग मी स्क्रू आवळायला घेतले.