एकाच टोपातलं

वरचा आकडा १६४, खालचा १०६.

माळ्यावर उलटी घातलेली मिठाची बरणी.

चार घरं ऐकतील अशा आवाजात शेजारणीला सुनेबद्दल सांगणारी एक सासू. आता हयात नाही.

वडापाव खारट लागतो म्हणून अर्धा टाकून देणारा एकतीस वर्षांचा प्रज्योत.

हे सगळं एकाच घरातलं, वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या सगुणाच्या. तेरा वर्षांपूर्वी तिचा नवरा हरेश्वर जाळं सांधता सांधता कलंडला. डोक्यातली नस फुटली. वय शेहेचाळीस. बाराव्याला भरल्या घरात सासूनं बोट दाखवलं, हिच्या हाताला मीठ जास्त, हिनंच माझा पोर खारवला. खोटं तरी कसं म्हणायचं? सगुणाची खारवलेली सुरमई घ्यायला लोक पार मुलुंडहून यायचे. त्या दिवसापासून तिनं खारवणं सोडलं. अंधेरीच्या बाजारात फक्त ओली मासळी विकायला लागली आणि घरात अळणी शिजवायला लागली. मीठ गेलं म्हणजे प्रेशर गेलं, असं घरानं धरून टाकलं. तिच्या पोराचं, प्रज्योतचं, एकदा मोजून घ्यावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तो आकडा निघाला कंपनीच्या तपासणीत. प्रज्योतनं मशीनच बिघडलेलं ठरवलं आणि कागद बॅगेत कोंबला. महिन्याभरानं सगुणाच्या हाती लागला, तशी ती त्याला डॉक्टर रेवतींच्या दवाखान्यात घेऊन आली. रिक्षात त्याचं एकच पालुपद, घरात मीठ नाही तर प्रेशर कसलं. पण अठराव्या वर्षापर्यंत तोही तिच्याच हातचं खारं खाऊन वाढला होता.

डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर मोजलं, थांबून पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. मग घरचं विचारलं. आजोबा पन्नाशीत बोटीवरच गेलेले, काकाचं अर्धं अंग लुळं. सगळं बापाकडचं.

"मीच मारलं त्याला," सगुणा मध्येच म्हणाली. "माझ्या मिठानं. आता हा पण."

डॉक्टरांनी पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. ११८, ७६.

"वीस वर्षं काय खाल्लंत, मावशी?"

"त्यानं खाल्लं तेच. एकाच टोपातलं."

"मग तुम्हाला का नाही झालं?"

उत्तराची वाट न बघता डॉक्टर म्हणाल्या, आईबापाकडून जे येतं त्यात शेकडो बारीक फरक असतात. एकेकट्यानं फारसं काही होत नाही, पण एखाद्याच्या वाट्याला नेमके बरेच येतात. मग तेवढंच मीठ एकाचं शरीर बाहेर टाकतं, दुसऱ्याचं धरून ठेवतं.

"म्हणजे तेरा वर्षं मी फुकट अळणी गिळलं?" प्रज्योत म्हणाला.

"फुकट नाही रे. नाहीतर आकडा आणखी वर असता. पण तुला नुसतं अळणी पुरणार नाही. गोळी लागेल, रोज."

सगुणा उठली नाही. "माझ्या मिठानं किती न् त्याच्या रक्तानं किती, ते सांगा मना."

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मावशी."

तिनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, पुढचा पेशंट दारात उभा होता म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाजाराला निघण्याआधी ती गोळी आणि पाणी घेऊन प्रज्योतसमोर उभी राहायला लागली. तो कुरकुरायचा, आय, मी काय बाळ आहे का. ती त्याला तोंड उघडायला लावायची, जिभेखाली बघायची, मगच टोपली उचलायची. सासूचा शब्द मात्र तिच्या मनातून गेला नाही.

१९८८ साली कोळीवाड्यातल्या रक्तदान शिबिरातून हरेश्वरला रक्त न घेताच परत पाठवलं होतं. प्रेशर १५८, खाली १००. तो तेवीस वर्षांचा होता. घरी त्यानं कुणाला सांगितलं नाही. सगुणाचं स्थळ त्याला सांगून आलं ते त्यानंतर दोन वर्षांनी.