पाठ नसलेलं टेबल

हिवाळ्याच्या उतरत्या दुपारी देवळाली प्रवरातल्या त्या घरात शिरलं, की आधी जवसाच्या तेलाचा वास येतो आणि मग मामी दिसते. जुन्या साडीचा मऊ तुकडा तेलात बुडवून ती टेबल पुसत असते. मनगट सावकाश फिरतं, आणि बाहेरून उसाच्या ट्रॉल्यांची घरघर आत येऊन त्या शांततेत विरून जाते. मामा गेल्यापासून त्या घरात एवढीच हालचाल उरली आहे.

टेबल शिसवीचं. नगरच्या छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाने खलिते लिहायला करवून घेतलेलं असावं. गडद हिरव्या कातड्याने मढवलेलं, पितळी कड्यांचं, आणि पाय तर असे नखरेल वळणाचे, की पायात घुंगरूच बांधायचे राहिलेत. मामांनी ते तरुणपणी जुन्या सामानाच्या लिलावात उचललं. आमच्या वस्तीत तोवर टेबल शाळेत असायचं, घरात नाही. पण त्याची खरी मौज त्याच्या घडणीत आहे: या टेबलाला पाठच नाही. दोन्ही बाजूंना सारखेच खण, पाय सरकवायला सारखीच जागा. दोन माणसांनी समोरासमोर बसून लिहावं, अशी ही साहेबी योजना.

मामा शाळेत इतिहास शिकवायचे; मामीचा लिहिण्याशी संबंध सहीपुरता. तरीही त्यांनी पलीकडे दुसरी खुर्ची मांडली आणि म्हणाले, "अर्धं तुझं." झालं! त्यांच्या अर्ध्यावर वह्यांचे गठ्ठे, तिच्या अर्ध्यावर मेथीची जुडी. त्यांच्या खणात खडू, तिच्या खणात बटणं, सुईदोरा आणि लसणाच्या कुड्या. साहेबाने ते पाहिलं असतं तर त्याला भोवळच आली असती. मधोमध एके ठिकाणी शाईचा निळा डाग आणि हळदीचा पिवळा डाग एकमेकांत मिसळले आहेत, ते काही कितीही तेल लावलं तरी जात नाहीत.

त्यांचं भांडण मात्र एकच होतं आणि ते जन्मभर पुरलं. मामांची पाठ खिडकीकडे, मामीचं तोंड खिडकीकडे. त्यामुळे कलतं ऊन नेमकं तिच्या डोळ्यांत. आल्यागेल्याला ती ऐकवायची, "उजेड समदा ह्यांच्या वह्यांवर अन् ऊन माज्या डोळ्यात. मास्तर लई हुशार हाय!" मामा मिशीत हसायचे. जागा काही बदलायचे नाहीत.

मामा गेले तशी ती बाजू तिने पुसण्यापुरती ठेवली. त्या अर्ध्यावर कधी मेथीची काडी पडली नाही, त्या खुर्चीत ती कधी बसली नाही. संध्याकाळची बुद्धवंदना आटोपली, की स्वतःच्या खुर्चीत बसून ती समोर बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "भांडायलाबी कुनी न्हाई गं आता."

म्हणून सुधीर, तिचा मुलगा, पुण्याला चल म्हणाला तेव्हा ती पटकन तयार झाली. एकटेपणाने पार खाल्लं होतं तिला. अडलं ते टेबलावर; त्याच्या दोन खोल्यांत ते मावेना, आणि ती टेबलाशिवाय हलेना. मग त्यानेच तोड काढली: पाठ नाहीच, तर मधून कापू, भिंतीला टेकवलं की अर्धंही टेबलच राहील.

बबन सुतार करवत घेऊन आला त्या दिवशी मी तिथेच होते. पेन्सिलीने त्याने मधोमध रेघ ओढली आणि सहज विचारलं, "काकू, कुठला अर्धा भाग न्यायचा? तुमचा का गुरुजींचा?"

टेबलाला वळसा घालून मामी पलीकडे गेली आणि मामांच्या खुर्चीत बसली. पहिल्यांदाच. खण बघायला बसली असेल, असं मला वाटलं. तिने कातड्यावर दोन्ही हात पसरले, मान वर केली, आणि तशीच राहिली.

"हितनं तर खिडकी दिसतच न्हाई," ती म्हणाली.

खरंच दिसत नव्हती. समोर कोरी भिंत होती, आणि भिंतीपुढे तिची स्वतःची रिकामी खुर्ची. खिडकीतलं सगळं ऊन त्या एका खुर्चीवर उतरलं होतं. वेताची एकेक काडी मोजून घ्यावी इतकी ती लख्ख दिसत होती.

"हितनं निस्ती मी दिसत असन," मामी हळूच म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

बबनने करवत खाली ठेवली. "राहू दे बाबा," ती त्याला म्हणाली, "च्या घे. सुधीरला मी सांगंन."

मला तेव्हा रागच आला. लाकडापायी जिवंत माणसं सोडायची? मी बोलले तसं. ती नुसती हसली, अगदी मामांसारखी मिशीतल्या मिशीत.

आता टेबल पुसून झालं, की ती मामांच्या खुर्चीत जाऊन बसते. गेलेल्या माणसाची रिकामी जागा तर आपण सगळेच बघत बसतो. मामी मात्र त्याच्या जागेवर बसून स्वतःची रिकामी जागा बघते. इतकी वर्षं कुणीतरी आपल्याला डोळे भरून पाहत होतं, हे तिने आता सांगायचं कुणाला?