टोपीतला पांढरा कागद

"अगं फ्रेनी, तिकडे कुठं निघालीस? तिकडे फ्रेंचांची मढी पडलीत!" म्हातारी आन्नेली मागून ओरडली.

"इकडची सगळी बघून झाली, मावशी. त्यांत हे नाहीत."

डच फौजेतल्या स्विस पलटणीची ही धोबीण सकाळपासून पाण्याचा घोटही प्यायली नव्हती. फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या माल्प्लाकेच्या रानात दुपारपर्यंत फ्रेंचांशी कापाकापी चालली आणि पलटणीतली जेमतेम तिसरा हिस्सा माणसं परत आली. त्यांत तिचा बेंत्स नव्हता. नवरा आहे की गेला, एवढंच तिला कळायला हवं होतं. म्हणे आपण जिंकलो! काय जाळायचंय ते जिंकणं?

बर्नच्या डोंगरांतली पोरं दोन्ही फौजांत पगारावर होती. बोली एकच, मग माणूस ओळखायचा कसा? म्हणून आपल्यांच्या टोपीत हिरवी डहाळी आणि फ्रेंचांकडच्यांच्या टोपीत पांढरा कागद. कप्तानाचा हुकूमच होता, कान बंद ठेवा, टोपी बघा.

पडलेल्या ओंडक्यापाशी एकजण पालथा होता. फ्रेनीनं त्याला उताणा केला आणि मटकन खालीच बसली. ख्रिस्टेन! तिचा पाठचा भाऊ, सहा वर्षांपूर्वी फ्रेंचांच्या चाकरीत गेलेला. छातीत गोळी.

"अरे माझ्या राजा, तू रे कसा इथं?" तिला रडूही फुटेना.

"फ्रेने!"

ती दचकली. झाडीतून बेंत्स लंगडत येत होता. जिवंत! देवा, जिवंत! दहा पावलांवर तो एका झाडाला टेकला.

"अहो, होतात कुठं?"

"खड्ड्यात पडलो होतो. सकाळी धुरातून एकजण धावत आला. 'बेंत्स, थांब, मी आहे,' म्हणाला. बेंत्स! पलटणीत सगळे आडनावानंच हाक मारतात; आपल्या गावाबाहेर हे घरचं नाव कोण घेतं गं? तोंड काही दिसलं नाही. पांढरा कागद तेवढा दिसला. घातली गोळी. तो याच ओंडक्यापाशी पडला. बघू दे मला, कोण होता."

फ्रेनीनं कमरेचा एप्रन सोडला, भावाच्या तोंडावरून ओढला आणि कडा मानेखाली नीट खोचल्या.

"आपल्या गावचा आहे का गं?"

"नाही," ती म्हणाली. "कुणी परका आहे. चला, तुमचा पाय धुवायला हवा."