डावीकडचा शांताराम

माणिकपूरहून किल्ल्याच्या दिशेने रोज सकाळी चार माणसं पळायची आणि त्यांच्या गप्पा रस्ता ओलांडून चालायच्या. तिघं उजव्या कडेने, चौथा डाव्या. मधे रिक्षा, डंपर, एस.टी. आणि दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली. साल दोन हजार सहा, डिसेंबर महिना. जानेवारीत मुंबईची अर्धी मॅरेथॉन होती आणि चौघांनीही नावं दिली होती, त्यामुळे सल्ल्यांना नुसता ऊत आला होता.

"सुरुवातीला जोर लावू नको, शांताराम!" कॉन्रॅड सर उजवीकडून ओरडायचे. "पहिले पाच किलोमीटर..." इथे डंपर. डंपर गेला की, "...आणि मग केळं खायचं!"

पाच किलोमीटर आणि केळं यांच्या मधे काय करायचं होतं, ते शांतारामला शेवटपर्यंत कळलं नाही.

कॉन्रॅड सर शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर. पोरं गेली, शिट्टी गळ्यातच राहिली. सुमेध कॉम्प्युटरवाला, वय सव्वीस. तो पळण्याआधी अर्धा तास पळण्याविषयी वाचायचा आणि इंटरनेटवरून छापलेले कागद खिशात घेऊन फिरायचा. तिसऱ्या क्लेमेंटीनबाई. त्या नर्स होत्या. रोज मोडलेली हाडं बघून त्यांना पळण्यापेक्षा पडण्याची माहिती जास्त होती, तरी पळायच्या मात्र सगळ्यांत पुढे.

आणि चौथा आपला शांताराम गावंकर. चोपन्न वर्षांचा, मूळचा कोकणातला, माणिकपुरात दोन खोल्यांचा फ्लॅट, मुंबईत परिवहन खात्याच्या एका कार्यालयात हेडक्लार्क. या माणसाने आयुष्यात एकही शर्यत जिंकली नव्हती. जिंकायचं सोडा, शाळेत शर्यतीच्या दिवशी मास्तर त्याला पळणाऱ्यांच्या चपला सांभाळायला बसवायचे. चौथीपासून अकरावीपर्यंत त्याने इमानाने चपला सांभाळल्या. आता गळ्यात एक पदक पडावं, मग ते पळणाऱ्या सगळ्यांना वाटतात तसलं का असेना, एवढीच त्याची इच्छा होती. पण ती इतकी जबर होती की शर्यतीचं प्रवेशपत्र आलं त्या दिवशी तो जेवलाच नाही.

अडचण एकच होती. यमुना. त्याच्या बायकोने चार वर्षांपूर्वी, त्याने पहिल्यांदा पांढरे बूट घातले तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "पळा हवं तितकं. पण रस्त्यावर कुणी धक्का मारला आणि अंगावर ओरखडा दिसला, तर हे बूट कचऱ्याच्या गाडीत जातील. मला धट्टाकट्टा नवरा हवाय, पदकवाला नको." यमुना बोलली की बोलली. तिने असंच एकदा टीव्हीबद्दल सांगितलं होतं, आणि त्या घरात टीव्ही अजून नव्हता.

म्हणून तर शांताराम डावीकडून पळायचा. सुरक्षेसाठी!

"काका, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे," सुमेध कागद फडकवून ओरडायचा. "जगभर पळणारे ट्रॅफिककडे तोंड करून पळतात. उजवीकडून!"

"जग गेलं खड्ड्यात!" शांताराम उलट ओरडायचा. "आपल्या देशात नियम आहे. डावीकडून चला! एकोणतीस वर्षं खात्यात आहे मी. रस्ता सुरक्षा सप्ताहाचं पत्रक दर वर्षी माझ्या हातून जातं. मला नियम शिकवतोस?"

"भाऊ, पाठीमागून येऊन ठोकलेले रोज येतात आमच्याकडे," क्लेमेंटीनबाई सांगायच्या.

"ते सगळे मधून चालणारे असतील!"

कॉन्रॅड सर मग शिट्टी वाजवून वाद बंद करायचे. वाद बंद व्हायचा नाही, फक्त दोन रिक्षावाले दचकून थांबायचे.

असं ते चाललं होतं. शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. त्या शनिवारी बाभोळा नाक्याच्या पुढे विषय निघाला पाण्याचा. शर्यतीच्या आधी पाणी प्यावं की नाही? सर म्हणत होते प्यावं, सुमेध म्हणत होता घोट घोट प्यावं, क्लेमेंटीनबाई म्हणत होत्या प्या पण आधी संडासाची सोय बघा. तेवढ्यात पाण्यावरून गाडी पुन्हा डाव्या-उजव्यावर घसरली, आणि शांताराम मान पूर्ण उजवीकडे वळवून, बोट उगारून गर्जला, "डाव्या बाजूला माणूस शंभर टक्के सुर..."

धाडकन मागून काहीतरी येऊन आदळलं.

तो पीटर पाववाला होता. सायकल, कॅरिअरवर पावांचं भलंमोठं पोतं, हँडलला रबरी भोंगा. शांताराम तोंडावर पडला, सायकल त्याच्या पायावर, आणि पोत्यातले पाव रस्त्याच्या कडेला. उठताना घाईघाईने शांताराम पावांवरच बसला. योगायोग असा, की नेमकी तेव्हाच एक एस.टी. मधे थांबली होती. ती हलली तेव्हा पलीकडचे तिघं पुढे निघून गेले होते. कुणी काही पाहिलं नव्हतं.

"दोनदा भोंगा वाजवला, साहेब," पीटर कपाळाला हात लावून म्हणाला. "तुमी तिकडं भांडत व्हते. मागनं येनाऱ्याला तुमची पाठ दिसते. पाठीला डोळे हायेत का?"

शांतारामचा गुडघा सोलवटला होता आणि कोपरातून रक्त येत होतं. पण त्याला दुखत नव्हतं, त्याला फक्त यमुना दिसत होती. आणि यमुनेच्या दारात रोज सकाळी सात वाजता पाव टाकायला कोण येतो? हाच पीटर.

"पीटर, घरी बोलू नको. तुला देवाची शपथ."

"शपथ नका घालू," पीटर पाव झटकत म्हणाला. "आपनहून मी सांगनार नाय. पन वैनींनी विचारलं तर खोटं नाय बोलनार. उद्या चर्चमधे मिस्साला जायाचंय मला."

पुढे तिघं थांबले होते. "काय झालं, काका?" सुमेधने रस्त्यापलीकडून विचारलं.

"लेस सुटली होती!" शांताराम म्हणाला आणि राहिलेलं अंतर लंगडत पळाला. दुखऱ्या पायापेक्षा त्याला त्या उजवीकडच्या तीन शहाण्यांची धास्ती जास्त होती. डावीकडून धक्का खाल्ला, हे सुमेधला कळलं असतं तर त्या पोराने त्याचाही कागद छापून आणला असता.

घरी तो मागच्या जिन्याने शिरला, थेट न्हाणीघरात गेला आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पायजमा घालूनच बाहेर आला. यमुनेने चहा ठेवला. बाजूला ताटलीत सहा पाव. पाव कसले, थालीपीठं! चपटे, एकमेकांना चिकटलेले, आणि एकावर तर चक्क चड्डीच्या मागच्या खिशाचं बटण उठलेलं.

"खा," यमुना म्हणाली. "तुमच्याच अंगाखालचे आहेत."

शांतारामने कप खाली ठेवला. "पीटर बोलला?"

"मी विचारलं, पाव असे का? तो म्हणाला, ज्यांनी चेपले त्यांच्याच घरी दिलेत, दुसऱ्याला कसे देऊ?" तिने त्याची बाही वर सारली. कोपर बघून तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मग लाल झाला. "सायकलच्या जागी डंपर असता तर? मी कुणाला विचारलं असतं मग? बूट आणा."

शांतारामने आयुष्यात पुष्कळ गोष्टी मुकाट सोडल्या होत्या. बढती सोडली, गावचा आंबा भावाला सोडला, टीव्ही सोडला. पण बूट आणायला तो उठला नाही. त्याला एकदम रडूच यायला लागलं आणि ते लपवायला तो भांडायला लागला.

"माझी काय चूक? मी नियमाने पळत होतो! डावीकडून! चूक त्या पीटरची. सरकारी नियम आहे, लेखी आहे, पत्रकात आहे!"

"कुठल्या पत्रकात?"

"आमच्या! मी स्वतः तपासलेल्या!"

यमुना उठली. ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरून तूरडाळीचा डबा उतरवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता, तेलाचे डाग पडलेला, मधोमध डब्याच्या बुडाचं गोल वळं उमटलेला. शांतारामने लगेच ओळखला. तपासून झालेली पत्रकांची कच्ची छपाई तो दर वर्षी घरी आणायचा, फळ्यांवर घालायला. सरकारी कागद चांगला जाड असतो.

"सातवं कलम वाचा. मोठ्याने."

शांतारामने चष्मा लावला. "पहिलं, वाहने डावीकडून..."

"वाहनं. तुम्ही वाहन आहात का? सातवं वाचा."

"सातवं. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्यांनी..." त्याचा आवाज बसला. "पादचाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे."

'पादचाऱ्यांनी' या शब्दावर लाल शाईची खूण होती. शेजारी त्याची स्वतःची सही. तो शब्द त्यानेच दुरुस्त केला होता. एकोणतीस वर्षं तो ती पत्रकं काना, मात्रा, वेलांटी बघत तपासत होता आणि त्यात लिहिलंय काय, हे एकदाही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सुमेध बरोबर होता, हे सोसलं असतं. आपलंच खातं आपल्या विरुद्ध गेलं, हे त्याला अगदी वर्मी लागलं.

"तुला हे माहीत होतं?" त्याने शेवटी विचारलं.

"चार वर्षं. रोज डाळ काढताना वाचते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. बूट आणलेत त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, तू तुझं स्वयंपाकघर बघ." यमुनेने चहाचा कप उचलला. "म्हणून स्वयंपाकघरातच बघत बसले. तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीतून, आणि परत येईपर्यंत घड्याळात."

शांताराम कागदाची घडी करत राहिला. खरं म्हणजे त्याला माफी मागायची होती, पण तो शब्द त्याने घरात कधी वापरला नसल्यामुळे कुठून काढायचा ते त्याला सापडेना. यमुनेनेच मग निकाल दिला. बूट राहतील. शर्यतही होईल. पण उद्या सकाळी, पळायच्या आधी, हे सातवं कलम त्याने त्या तिघांसमोर मोठ्याने वाचायचं, आणि पाववाल्याचंही सांगायचं. ती स्वतः ऐकायला येणार.

"त्यापेक्षा बूट टाक," शांताराम म्हणाला. पण हे त्याने इतक्या हळू म्हटलं की ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

रविवारी सकाळी उजव्या कडेला तिघं उभे होते, आणि चौथी यमुना, हातात दुधाची पिशवी. डाव्या कडेला शांताराम, गुडघ्याला पट्टी, हातात डाळीचा कागद.

"कलम सातवं!" तो ओरडला. "पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्यांनी रस्त्याच्या..."

डंपर.

"रस्त्याच्या काय?" सुमेध ओरडला.

"पादचाऱ्यांनी रस्त्याच्या..."

एस.टी. आणि तिच्यामागे तीन रिक्षा. उजवीकडे क्लेमेंटीनबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. शांतारामचे कान तापले. त्याच्या मनात आलं, कागद चुरगाळावा, बूट काढावेत आणि घरी जाऊन झोपावं. मग त्याला शाळेच्या मैदानाच्या कडेला मांडून ठेवलेल्या चपलांच्या जोड्या आठवल्या, आणि त्याने दोन्ही हातांचा कर्णा केला.

"उजव्या कडेने! उजव्या! समोरच्या गाडीकडे तोंड करून! मला काल पीटरने मागून ठोकलं! मी पावांवर पडलो! मी चुकलो! ऐकू आलं?"

सगळ्या माणिकपूरला ऐकू आलं असावं. रिक्षा स्टँडवर दोघं टाळ्या वाजवत होते. सुमेधने तोंड उघडलं, क्लेमेंटीनबाईंनी त्याला चिमटा काढला, त्याने मिटलं.

"ये, शांताराम," कॉन्रॅड सर म्हणाले. त्यांनी रस्त्यात उतरून हात आडवा केला आणि शिट्टी फुंकली. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या शिट्टीचा काही उपयोग झाला. शांतारामने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला. त्याच्या मागून, डाव्या कडेने, पीटर भोंगा वाजवत आरामात निघून गेला. आज त्याला वाट मोकळी होती.

पलीकडे यमुनेने हात पुढे केला. शांतारामला वाटलं, बायको सगळ्यांदेखत हात हातात घेतेय. तो लाजला आणि त्यानेही हात पुढे केला.

"हात नको, कागद द्या," यमुना म्हणाली. "डबा तसाच फळीवर ठेवून आलेय."