मी विषहिरवा

मी जर्मन भाषेतला एक शब्द आहे. माझं नाव गिफ्टग्र्यून. म्हणजे विषहिरवा.

माझे आईबाप मात्र गरीब स्वभावाचे. ‘गिफ्ट’ म्हणजे मुळात नुसतं देणं. पुढे वैद्याने दिलेली मात्रा, आणि होता होता त्याचंच विष झालं. ‘ग्र्यून’ म्हणजे हिरवा. त्याचं मूळ वाढण्यात, पालवी फुटण्यात. या दोघांची गाठ मारली सोमल, म्हणजे आर्सेनिक, घातलेल्या एका झगझगीत हिरव्या रंगाने.

एका कारखान्यात त्या रंगाने कापडी फुलांची पानं रंगवत. मालक त्याला ‘वसंतहिरवा’ म्हणायचा. कामकरी बायका आपसात त्याला माझ्याच नावाने हाक मारायच्या. त्यात दोघी बहिणी होत्या. पानांवर हिरवी पूड भुरभुरायचं काम त्यांचं. थोरलीच्या बोटांना जखमा झाल्या, नाकातून रक्त येऊ लागलं.

“हात धुवत जा गं, एवढं काय त्यात!” मालक म्हणायचा. स्वतः मात्र नाकाला रुमाल लावल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

थोरली गेली. धाकटी तडक मालकाच्या दुकानात शिरली. गिऱ्हाइकांची गर्दी होती.

“मालक, माझी ताई कशाने गेली?”

“अशक्तपणा. नशिबापुढे कोणाचं चालतं?”

“मग या रंगाचं खरं नाव सांगा की सगळ्यांना. गिफ्टग्र्यून!”

मी एवढ्या मोठ्याने कधीच उच्चारला गेलो नव्हतो. एका बाईने टोपीत खोचलेलं तिथलंच कापडी फूल उपटून फेकलं.

मालक लालबुंद झाला. “हिचं डोकं फिरलंय! माझ्या निजायच्या खोलीलाच हा रंग देतो, मग तर झालं?”

“द्या ना,” धाकटी म्हणाली.

चारचौघांत बोलून बसला होता, आता माघार कुठली? रंग दिला. खोली ओलसर, त्या ओलीने रंगातलं विष हवेत उतरू लागलं. हळूहळू पोटात कळा, घशात आग, केस मुठीमुठीने गळू लागले. शेवटी त्याने भिंती खरवडून घेतल्या. जीव वाचला, धंदा बुडाला. तो रस्त्याने जाताना लोक म्हणत, “बघा, गिफ्टग्र्यून चालला!”

मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही. थोरलीची आली होती, तेवढी पुरे.

आता माझ्यात सोमल नाही. भडक हिरवा सदरा दिसला की लोक हसत माझं नाव घेतात. घ्या खुशाल. पण कोणी गोड नावाखाली तुम्हाला विष विकू लागला, तर मला हाक मारा. भर दुकानात, चारचौघांत. मी येईन.